वहिनीची टेप

पाळी थांबून चार वर्षं झाली आणि आमच्या वहिनीची कंबर कुठे गेली ते तिलाच सापडेना. तिचं शिवणाचं दुकान. तीस वर्षं अख्ख्या गल्लीची मापं तिच्या वहीत. काजं-बटणं माझ्याकडे, कारण मी तिची नणंद आणि मला सरळ शिवण येत नाही. दुपारी एक वाजता मशीन बंद करायची आणि दोघींनी एकाच डब्यातून जेवायचं, हे इतक्या वर्षांत कधी चुकलं नव्हतं.

मग मोबाइलवरच्या व्हिडिओत एक पोरगी आली. पाळीनंतरचं पोट कसं उतरवायचं ते सांगायची. तिला स्वतःला अजून वीस वर्षं तरी पाळी यायची होती, पण हे वहिनीला कोण सांगणार? आधी भात बंद झाला, मग दुपारचं जेवणच बंद झालं. मी जेवायची आणि समोर ती कोमट पाणी पीत माझे घास मोजायची. तिच्या पोटातले कावळे मला मशीनच्या आवाजातही ऐकू येत. मला भयंकर राग यायचा. मला माझी जेवणातली जोडीदारीण परत हवी होती. शिवाय डबा दोघींचा आणि संपवणारी मी एकटी, त्यामुळे वजन वाढलं ते माझं.

ती पोरगी तळपायात रबरी पट्टा अडकवून ओढायला सांगायची. पट्टा विकत कशाला आणायचा, म्हणून वहिनीनं गळ्यातली टेपच पायात अडकवली. रोज सकाळी पन्नास वेळा. दोन महिन्यांनी कंबर मोजली तर तीन इंच कमी. तिचे पाय जमिनीला लागेनात. तिच्या लेकीचं लग्न जवळ आलेलं; त्यात घालायचा स्वतःचा ड्रेस तिनं त्याच मापानं बेतला.

हळूहळू गिऱ्हाइकंही बारीक व्हायला लागली. "काही न करता दोन इंच उतरले," म्हणून पोस्टातल्या बाई खूश होऊन गेल्या. ड्रेस नेल्यावर चौथ्या दिवशी त्याच बाई तो परत घेऊन आल्या. बटण लागत नव्हतं. त्यांच्यापाठोपाठ आणखी पाचजणी आल्या.

मी नवी टेप आणून जुनीच्या शेजारी टेबलावर पसरली. जुनी चांगली चार बोटं पुढे गेली.

वहिनीनं जुनी टेप उचलून बोटांत धरली. "वन्सं, दोन महिने उपाशी राहिले मी," ती म्हणाली, "आणि बारीक झाली ही." तिचे डोळे भरून आले. मला वाईट वाटत होतं, तरी हसू आवरेना. मग तीही हसायला लागली.

लग्न परवावर आलेलं आणि तिचा ड्रेस पाठीवर बंद होत नव्हता. मी तो उलटा केला. दोन्ही बाजूंना शिवणीच्या आत दोन-दोन इंच कापड दुमडून ठेवलेलं.

"एवढी खात्री होती, तर कापड कशाला सोडलंस?"

"खात्री त्या पोरीला होती. शिवत मी होते."

ती शिवण उसवायला बसली. एक वाजला तसा मी डबा उघडला. वहिनीनं ड्रेस बाजूला ठेवला, मोबाइल त्याच्याखाली सरकवला, हात धुतले आणि भाताचा डबा आधी आपल्याकडे ओढला.