उद्यमनगरातले पट्टे आणि पावणं

आमच्या वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी कितीही आवरल्या तरी साठतच जातात. एक म्हणजे वेल्क्रोचे तुकडे. ते आमच्या स्वेटरला चिकटून घरी येतात. दुसरी म्हणजे इथे घडलेल्या गमती. त्याही तशाच घरी येतात, जेवताना एकदम आठवतात आणि आमटी नाकात जाते!

कोल्हापुरात, उद्यमनगरात आमचं वर्कशॉप आहे. गुडघा, कंबर, मान, मनगट, जे दुखेल त्याचा पट्टा आम्ही स्वतः डिझाइन करतो. पेशंट तपासणं आणि मापं घेणं माझ्याकडे. महेश मेकॅनिकल इंजिनिअर, त्यामुळे बिजागऱ्या आणि स्प्रिंगा हे त्याचं खातं. शिलाई मशीनवर सुनंदाकाकी. काकींचं खातं शिलाईचं, पण मतं सगळ्या खात्यांवर!

*

महेशनं गुडघ्याचा पहिला ब्रेस बनवला. पाय सरळ केला की लॉक, बटण दाबलं की मोकळा. "आधी मी घालून बघतो," म्हणाला आणि पँटच्या आतून घालून थेट मामाच्या गावी जत्रेच्या जेवणाला गेला.

पंगत बसली आणि लॉक अडकलं. बटण पँटच्या आत! सगळे मांडी घालून बसलेत आणि हा खांबाला टेकून उभा. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "ओ पावणं, मोकळंच हाय न्हवं? धरा ही बादली!"

पांढऱ्या रश्श्याची भरलेली बादली! एक पाय मागे ताठ, कमरेतून वाकलेला, असा महेश सगळी पंगत वाढत सुटला. एका आजोबांनी तर विचारलंच, "ह्यो कुठल्या केटरिंगचा म्हनायचा? वाकायची स्टाइल लई भारी हाय!"

दुसऱ्या दिवशी महेशचा रिपोर्ट : "लॉक फेल. पण लोड टेस्ट पास!"

*

तालमीतला एक पैलवान मान अवघडली म्हणून आला. आमचा सगळ्यात मोठा कॉलर लावून बघितला. वेल्क्रोची दोन टोकं लांबूनच एकमेकांकडे बघत राहिली. मी टेप घेऊन त्याच्याभोवती फिरतेय, पण मान सुरू कुठे होते तेच कळेना.

काकी मशीनवरून म्हणाल्या, "मान हाय कुठं? खांद्यावर डायरेक्ट डोकंच ठेवलंय की!"

शेवटी महेशनं कपाटातून एक कमरेचा पट्टा काढला, दोन ठिकाणी कापला, आत फोम घातला. अगदी मापात बसला! पैलवान खूश होऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. एवढा मोठा गडी, पण आवाज अगदी बारीक.

"मॅडम, तालमीत पोरं चिडवाय लागल्यात."

"का? कॉलर चांगला दिसतोय की."

तो वळला. मागे मानेवर छापील अक्षरं होती : 'बाळंतिणीसाठी'!

*

पाठीच्या जॅकेटचा साचा घ्यायला महेश स्वतःच उभा राहिला. गळ्यापासून कमरेपर्यंत प्लास्टर केलं, ते सुकून दगड झालं, मी कापायचं मशीन हातात घेतलं आणि लाइट गेली!

महेशला बसता येईना, वाकता येईना, हात वर नेता येईना. नाकावर माशी बसली तरी काकींना हाक मारत होता. एवढ्यात डबा घेऊन त्याची बायको सुरेखा आली. आता ही घाबरणार, म्हणून मी समजवायला पुढे झाले. तिनं त्याच्याभोवती शांतपणे एक फेरी मारली.

"मॅडम, लगीन झाल्यापासनं पयल्यांदाच ह्यांचं पोट आत गेलंय. ऱ्हाऊ दे की संध्याकाळपत्तोर!"

*

हुपरीच्या एक वहिनी घरी पैंजणं जोडतात. दिवसभर चिमटा धरून मनगट गेलं होतं. त्यांच्यासाठी बोटं मोकळी राहतील असा पातळ पट्टा केला. महिन्याभरानं दाखवायला आल्या, तर आधी आवाज आला आणि मागून वहिनी. पट्ट्याच्या कडेनं चांदीचे घुंगरू!

"नुसतं काळं काळं घालून लग्नाला कसं जायाचं?"

दुखणं कमी होतं, म्हणून मी घुंगरू राहू दिले. पण पुढच्या आठवड्यात त्यांच्या गल्लीतल्या तिघी आल्या.

"कुठं दुखतंय?" मी विचारलं.

"दुखत कुठंच न्हाय. पर तसलं डिझाइन पायजे!"

*

पन्हाळ्याच्या बाजूनं एकांचा फोन आला. "आमच्या लक्ष्मीच्या गुडघ्याला पट्टा पायजे."

"वय किती?"

"दीड म्हैना."

"एवढंसं लेकरू! काय होतंय?"

"चालताना लंगडती."

"दीड महिन्याची चालते?"

"चालती म्हंजे? जन्मली त्याच दिवशी उभी ऱ्हायली की!"

मी फोनवर हात ठेवून महेशला सांगितलं. तो म्हणाला, "पेपरवाल्यांना बोलवायचं का?"

दुपारी टेम्पो आला. त्यातून लक्ष्मी उतरली. म्हशीचं रेडकू!

जनावरांच्या डॉक्टरांना विचारून पट्टा केला. लक्ष्मी चालली, मालक खूश. आठवड्यानं फोन आला, तर मीच सुरुवात केली, "ओल्या फडक्यानं पुसत जा बरं का पट्टा."

"पुसायचं कशाला? तिच्या आईनं चाटून चाटून चकचकीत केलाय!"

*

आणि ही सानिका. नेसरीची, सातवीतली. गाडीवरून पडली तेव्हा गुडघ्याजवळची शीर दुखावली आणि पाऊल उचलेना. चालताना बोटं फरशीवर घासत. ती खर्र खर्र ऐकूनच आम्हाला कळायचं, सानिका आली. सोबत तिचे आप्पा आणि थोरला भाऊ प्रथमेश. तो तिचं दप्तरही उचलायचा आणि "चल की गं गोगलगाई" म्हणून वैतागही द्यायचा.

पाऊल वर धरणारा पट्टा आम्ही पहिल्यांदाच बनवत होतो. एकदा स्प्रिंग इतकी कडक झाली की पाऊल खाली टेकेना. मग इतकी ढिली, की असून नसल्यासारखी. तिसरा पट्टा टाच सोलून गेला. सानिकानं तो काढून भिंतीवर भिरकावला. "मी आता येनार न्हाय." आप्पांनी तो उचलून टेबलावर ठेवला. महेश त्या दिवशी जेवला नाही.

आप्पांनी कशीबशी समजूत घातली आणि ती परत आली. महेशनं नवा पट्टा बांधला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. काकींनी मशीन थांबवलं.

सानिका उठली. एक पाऊल. दुसरं. आम्ही सगळे कान लावून. फरशीवर आवाज नाही! ती तशीच चालत बाकापर्यंत गेली, प्रथमेशसमोर थांबली, पट्ट्याचा पाय उचलला आणि त्याच्या नडगीवर सणसणीत लाथ घातली!

"आई गं!"

प्रथमेश नडगी चोळत ओरडायला लागला, आणि तोंडभर हसतही होता.

"आप्पा, लागलं! आप्पा, लई जोरात लागलं ओ!"

आप्पांनी टॉवेलनं डोळे पुसले.

"आनी एक हान बघू, बाळ."

प्रथमेशनं दुसरा पाय पुढे केला.