कुलूपबंद बाकावरची अक्का

अक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मैदानावर सातवीची कवायत घेत होतो. शिट्टी तोंडातच राहिली, ‘विश्राम’ म्हणायचं सुचलंच नाही, आणि अख्खा वर्ग ‘सावधान’मध्ये ताठ उभा... त्यातल्या काहींचे गुडघे अजून वाकत नाहीत, शप्पथ!

अक्का आमच्या बंगळूरच्या शाळेत शिवण शिकवायला आली होती. शाळेला वाचनालय होतं, म्हणजे एक खोली, उंच कपाटं आणि प्रत्येक कपाटाला कुलूप. किल्ल्यांचा जुडगा हेडमास्तरांच्या खिशात. तो एवढा जड, की हेडमास्तर उजवीकडे कलून चालायचे. पुस्तकं कोरी करकरीत, फक्त तपासणीच्या दिवशी साहेबांना दाखवायची. ‘शिवणाबरोबर ही खोलीही झाडत जा,’ असं सांगून त्यांनी ती अक्काच्या गळ्यात घातली. पहिल्याच दिवशी अक्का अशी शिंकली, की शाळेच्या राजाजीनगर भागातले कावळे उडाले ते आठवडाभर परतले नाहीत. आणि मेच्या सुट्टीत ती माझ्या दारात उभी.

“अण्णा, पेचकस आहे का?”

“कशाला?”

“कपाटांची दारं काढायचीत. पुस्तक दिसलं तर पोरं हात लावतील, हात लावला तर उघडतील.”

“आणि हेडमास्तर?”

“त्यांच्या कुलपाला मी बोटसुद्धा लावणार नाही!”

नाही लावलं. बिजागऱ्या बाहेरून होत्या; मी पेचकसाने स्क्रू काढले आणि प्रत्येक कपाटाची दोन्ही दारं कुलपासकट जोडलेलीच एका फळीसारखी निघाली. खाली विटा लावल्या, झाला बाक! शाळा उघडली तेव्हा पोरं दारांवर बसून वाचत होती आणि हेडमास्तर खिशातला जुडगा चाचपत होते. कुलूप तर शाबूत होतं, ओरडायचं कशावरून?

“तपासणीत साहेब नाराज झाले,” शेवटी ते म्हणाले, “तर दारं परत बसतील, आणि तुम्ही शिवणाच्या वर्गात. सरी?”

“सरी, कबूल,” अक्का म्हणाली.

त्या दिवसापासून अक्का पोरांमागे हात धुऊन लागली. भूगोलाच्या मास्तरांनी प्रश्न दिला, की वर्ग तिच्या खोलीत. उत्तर ती कधीच सांगायची नाही. “त्या फळीला विचार,” एवढंच. पुस्तकांना सांबाराचे डाग पडले, कोपरे दुमडले. हेडमास्तरांचा रक्तदाब इतका चढला, की त्यावर भात शिजला असता.

साहेब आले. डागाळलेली पुस्तकं चिमटीत धरून बघितली, कपाळाला आठ्या... आणि समोरच्या मुलीला विचारलं, “रेशमाचा किडा कोश कसा विणतो?” मुलगी नेमकी शारदा! वर्गात प्रश्न विचारला, की खिडकीबाहेर बघत बसणारी. मी हळूच दाराकडे सरकलो. अक्का मात्र भिंतीसारखी उभी.

“येत नाही, सर,” शारदा म्हणाली. “पण कुठं आहे ते माहीत आहे.”

ती उठली, फळीवरून पुस्तक काढलं, पान शोधलं आणि बोट ठेवून, अडखळत, पण खणखणीत वाचू लागली. साहेब ऐकता ऐकता बाकावर टेकले. बाकाखाली लोंबतं कुलूप त्यांच्या पोटरीवर आपटलं. मधेच त्यांनी “शाबास, पुरे,” म्हटलं, तर शारदा म्हणते, “स्वल्प थांबा सर, पुढं अजून आहे!”

साहेब पोट धरून हसले. “हे बाक कुणाच्या डोक्यातून निघाले?”

“आमच्याच, सर,” हेडमास्तर म्हणाले. अक्काने मान डोलावली. तिला खोली हवी होती, मान त्यांनी खुशाल घ्यावा.

ती निवृत्त झाली तेव्हा हेडमास्तरांनी स्वतः त्यातला एक बाक गाडीवर घालून तिच्या राजाजीनगरच्या घरी पाठवला. किल्ली काही दिली नाही. तो तिने व्हरांड्यात ठेवला, शेजारी स्वतःच्या पुस्तकांची बिनदाराची कपाटं, आणि सगळ्या गल्लीची पोरं.

परवा तिच्या घरी गेलो. अक्का नाही, पण बाकावर पोरं दाटीवाटीने वाचत होती, आणि पाय हलले, की खालचं कुलूप वाजत होतं. तिचा भाचा हळूच म्हणाला, “अण्णा, आता बघायला कोण आहे? व्हरांड्याला दार बसवून कुलूप लावतो.”

“खुशाल लाव,” मी म्हटलं आणि पोरांना सरकवून बाकावर बसलो. “पेचकस अजून माझ्याकडेच आहे.”