चार सुट्ट्या आणि एंगकाबांगची झाडं

केरिनांग शाळेत कारकून होती. सारावाकमधल्या एका नदीच्या वरच्या अंगाला, जिथे होडीशिवाय पोचता येत नाही, तिथली ही वसतिगृहाची शाळा. ती इथेच शिकली आणि आता बाविसाव्या वर्षी इथेच टाइपरायटरपुढे बसत होती. दर डिसेंबरात पुढच्या वर्षाचा सुट्ट्यांचा तक्ता टाइप करायचं काम तिचं. बहुतेक सुट्ट्या वरूनच ठरून येत: मार्चात आठवडा, जूनमधल्या गावाई सणाला धरून दोन आठवडे, ऑगस्टात आठवडा, मग वर्षाखेरीची लांबलचक सुट्टी. फक्त चार दिवस शाळेच्या हातात असत. ते मुख्याध्यापक बुजांग, सगळ्यांचे 'चिकगू' म्हणजे गुरुजी, ईदेला जोडून टाकत. त्यांचं घर समुद्राकाठी, जायलाच दोन दिवस लागत.

त्या डिसेंबरात कपाट झटकताना तिच्या हाती जुने हजेरीपट लागले. सहज चाळायला घेतले आणि ती चाळतच राहिली. चौदा वर्षांत तीनदा फेब्रुवारीचं पान गैरहजेरीच्या फुल्यांनी भरलेलं. साथ म्हणावी तर दवाखान्याची नोंद नाही. पूर म्हणावा तर तो जानेवारीतच ओसरतो. सगळ्यात जुन्या पानावर तर तिचंच नाव होतं, पुढे ओळीनं अकरा फुल्या. आपण तेव्हा कुठे होतो, ते तिला काही केल्या आठवेना.

शनिवारी ती आपल्या लांबघरात गेली, जिथे सारं गाव एकाच लांब छपराखाली राहतं. आजोबा, अकी सांग्गाउ, सामाईक ओसरीवर टोपली विणत बसले होते.

"अकी, मी आठ वर्षांची असताना फेब्रुवारीत अकरा दिवस शाळेत नव्हते. कुठे होते?"

"होडीत," म्हातारा म्हणाला. "एंगकाबांगच्या बिया पडल्या होत्या. नदी त्यांनी झाकून गेली होती. तू वेचायचीस कमी आणि त्या बियांचं तूप गरम भातावर घालून खायचीस जास्त."

तिने उरलेली दोन वर्षं विचारली. अकींनी एक नव्या छपरावरून ओळखलं, दुसरं मावशीच्या लग्नावरून. दोन्ही वर्षं जुळली.

"मग आता पुढचं कधी?"

"ते झाडाला विचार. पावसानं लांब ओढ दिली की मोहर येतो. शाळेतून येताना काठावर मान वर करून बघितलंस का कधी?"

तिने बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी परतताना बघितलं, तर फांद्या पंखवाल्या हिरव्या फळांनी लगडलेल्या.

सोमवारी तिने तिन्ही हजेरीपट चिकगू बुजांग यांच्यापुढे ठेवले आणि चार दिवस फेब्रुवारीत टाकायची विनंती केली. त्यांनी पानं बराच वेळ पाहिली.

"यातल्या दोन खेपांना मी आईबापांना नोटिसा धाडल्या होत्या," ते म्हणाले. "मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही 'मूल आजारी आहे का' असं विचारायचात. लोक 'हो, ताप आहे' म्हणायचे."

"आणि मी ईदेला घरी जायचं नाही?"

"पुढच्या वर्षी ईद मार्चच्या सुट्टीतच येते, चिकगू. मी बघून ठेवलंय."

त्यांना हसू आलं. "बरं, तारीख सांग. फॉर्मवर तारीख लागते."

घोडं इथेच अडलं. बी पडते कधी, यावर अकी नुसतं "वारा सुटला की" म्हणाले होते. तिने अंदाजानं दुसरा आठवडा टाइप केला, सोमवार ते गुरुवार.

ते चार दिवस आले आणि गेले. एकही बी पडली नाही. मास्तर लोक तिला भेटतील तिथे विचारू लागले, "काय गं, झाडांना परिपत्रक पोचलं नाही वाटतं?" ती खाली मान घालून टाइप करत राही. पुढच्या बुधवारी वारा सुटला. गुरुवारी एकशे चाळीसपैकी एकोणीस मुलं वर्गात होती.

चिकगू बुजांगनी त्या एकोणीस जणांना एका वर्गात बसवून एका मास्तरांच्या हवाली केलं आणि केरिनांगला म्हणाले, "चल, मला दाखव."

नदीभर बिया तरंगत होत्या. मुलं जाळी लावून त्या ओढत होती. मुख्याध्यापक दिसताच निम्मी होड्यांमागे दडली. अकी काठावरून म्हणाले, "चिकगू, सगळ्यांना एकदम ताप आलाय बघा." बुजांगनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि टोपली मागितली. संध्याकाळपर्यंत ते वेचत होते, आणि मुलांना सारखे विचारत होते: बी सुकवता कशी, तूप किती दिवस टिकतं?

बुडालेले दिवस चार शनिवारी भरून काढले. एकही मूल गैरहजर नव्हतं. मग चिकगूंनी विभागीय कार्यालयाला लिहिलं: हे चार दिवस आधी न ठरवता ऐनवेळी कळवले तर चालेल का? उत्तर दोन ओळींचं आलं. तीन दिवस आधी कळवावे, हरकत नाही. केरिनांगनं ते दोनदा वाचलं. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर पाच वर्षं झाडांना मोहर आला नाही आणि ते दिवस पुन्हा ईदेकडे गेले. चिकगू बुजांग यांची बदली समुद्राकाठच्या शाळेत झाली. तिथून त्यांनी तिला पत्र लिहिलं: इथे सप्टेंबरात मुलं गळतात. मासेमारीमुळे असेल, असं सगळे धरून चालतात. उद्या घरोघर जाऊन विचारतो.