मनगटातून पिशवीपर्यंत

आमच्या वडीगोद्रीत बाईची पिशवी काढणं म्हणजे दुखरा दात काढण्यासारखं. माझी बत्तिसाव्या वर्षी काढली. धाकट्या जावेच्या पिशवीत गाठ निघाली, अंगावरून इतकं जायला लागलं की भिंत धरून चालायची, तेव्हा सासूबाईंनी निकाल देऊन टाकला, "काढून टाक मंग. दोन लेकरं झाले, आता काय लोणचं घालायचंय तिचं?"

जाऊ एरवी गरीब गाय. पण म्हणाली, "न्हाई. माझी हाये, माझ्यापाशी राहू द्या."

तिला समजवायचं काम माझ्याकडे आलं. "माझं काही बिघडलं का?" असं तिला ऐकवत मी जालन्याला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, मनगटातून बारीक नळी घालून गाठीचं रक्त तोडता येईल, मग ती आपोआप आक्रसेल. जमलं नाही तर मात्र पिशवी काढावी लागेल. हाताचा आणि पोटाचा काय संबंध, असं मला वाटलं. जाऊ लगेच हो म्हणाली.

नळी घालताना मला काचेमागे उभं राहू दिलं. जाऊ पूर्ण जागी होती. पडद्यावर नळी मनगटाकडून खांद्याला, तिथून छातीतून खाली ओटीपोटात उतरत गेली. शिरा दिसायचं औषध सोडलं आणि गाठीभोवतीच्या शिरा काळ्या मुळ्यांसारख्या उमटल्या. मी थक्क झाले. बाईच्या आत एवढ्या वाटा असतात, आणि त्या कुणाला पाठ असतात! मग वाळूहून बारीक कण सोडले. पुन्हा ते दिसायचं औषध दिलं, तर गाठीकडच्या मुळ्या उमटल्याच नाहीत. शेतात दारं धरताना एका वाफ्याचं पाणी तोडावं, तसं झालं.

दोन दिवस तिला कळा आल्या. भेटायला आलेल्या बायका टाके दाखव म्हणायच्या. मनगटावरची टिकलीएवढी खूण बघून चुलतसासूबाई म्हणाल्या, "फसवलं गं तुमाला. हे काय ऑपरेशन हाये?"

तिसऱ्या महिन्यात कपडे वाळत घालताना जाऊ सहज बोलून गेली, पाळी आली, चार दिवसांत गेली, काही त्रास नाही. होती तोवर मी पाळीला शिव्या दिल्या, आणि त्या दिवशी मला जावेचा हेवा वाटला. मलाही गाठच होती, तिच्याहून लहान. ठेवायची का, असं मला कुणी विचारलं नव्हतं. आणि माझी आहे म्हणायचं मलाही सुचलं नव्हतं.