लक्ष्मीपुढे ठेवलेलं पासबुक

तळवलीच्या नामदेव पाटलांना एका गोष्टीचा फार अभिमान होता. आपल्या मनातलं कुणाला कळत नाही, याचा. भाताची खाचरं गेली, तिथं इमारत आली, भाडी येऊ लागली. पण बँकेत किती साठलं ते सख्ख्या भावालाही ठाऊक नव्हतं. पासबुक ते बनियनच्या आत घालून नेत. काउंटरपाशी आधी मागं वळून बघत, मगच तोंड उघडत.

दिवाळी सरली आणि धाकटा भाऊ शिवा चहाला आला.

"दादा, लाखांचं समजलो. पन शेवटचे सत्त्याऐंशी रुपये कसले रं?"

भरल्या गल्लीत कुणी अंगावरचा सदरा ओढावा, तसं नामदेवांना झालं.

संशय थेट रंजितावर गेला. त्यांच्याच आळीतली पोर, बँकेत नुकतीच लागलेली. नामदेव काउंटरवर गरजले, "गिऱ्हाइकाची मायती बाहेर फोडतंस?" लेखी तक्रारही दिली. मॅनेजर म्हणाले, "चौकशी होईल. खरं निघालं, तर हिची नोकरी जाईल."

रंजिताचे डोळे भरले. "काका, मी आयेलापन कोनाचं सांगत नाय."

घरी येऊन नामदेवांनी छाती फुगवून सगळी हकिकत ऐकवली. सुमित्राबाई बोंबील साफ करत होत्या. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि मोबाइल नवऱ्यापुढं धरला.

भावकीच्या ग्रुपवर लक्ष्मीपूजनाचा फोटो होता. झेंडू, बत्तासे, आणि मधोमध शेवटच्या पानावर उघडलेलं पासबुक. देवीला आकडा नीट दिसावा म्हणून नामदेव दरवर्षी ते तसंच ठेवत. यंदा फोटोही त्यांनीच धाडला होता. पहिला पुसट आला, म्हणून दुसरा जवळून काढला होता. खाली बावन्न जणांनी हात जोडले होते.

"चोर गावला," सुमित्राबाई म्हणाल्या. "आता त्याला बँकेत घेऊन जावा."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी केबिनचं दार उघडलं. नामदेव बाहेरच थांबले. "नको सायेब. पोरीला बोललो काउंटरवर, माफीपन तिथंच." आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा त्यांनी नवा अर्ज वाचला: तक्रार मागे घेतो. माहिती मीच फोडली. फोटोसकट.

मॅनेजरांनी जुना अर्ज रद्द केला. रंजितानं नव्यावर शिक्का मारला आणि हळूच म्हणाली, "काका, यात काय लिवलंय, ते मी कोनाला सांगनार नाय."

सवयीनं नामदेवांनी मागं वळून बघितलं. रांगेत शिवा उभा होता, मोबाइल उंच धरून.

"जवलून काढ रं," नामदेव म्हणाले, "पुसट येतंय."