मारुतीच्या पारावरच्या गोगलगायी

प्रिय ईशान आणि मीरा, मी वाशीमला एसटीत बसले तेव्हा आभाळ भरून आलं होतं. कारंज्याच्या रस्त्याला दोन्हीकडे सोयाबीन इतकं हिरवं, की डोळे निवतात. कारंज्याला गाडी बदलली आणि धनजला माझ्या भाचीकडे, सुमनकडे, उतरले.

सुमन घरी नव्हती. मारुतीच्या पारावर बादली घेऊन बसली होती आणि चिमट्याने एकेक गोगलगाय फरशीवर ठेवून तिचा फोटो काढत होती. लहान मुलाच्या मुठीएवढ्या गोगलगायी, शंखावर तपकिरी पट्टे. हात लावू नको म्हणून तिने आधी मला दटावलं, मग वाकून नमस्कार केला.

फोटो काढला की तिच्या फोनमधलं अ‍ॅप लगेच नाव सांगतं: आफ्रिकी गोगलगाय. परमुलखातून आलेली, कोबीपासून पपईपर्यंत काहीही फस्त करणारी. फोटो आणि ठिकाण वाशीमला पोचतं, तिथली माणसं ओळख पडताळतात आणि मदतीला येतात. आमच्या वेळी अळी काडेपेटीत घालून तालुक्याला न्यावी लागे. पोचेपर्यंत ती वाळून जायची.

सुमनच्या वावरातला (शेतातला) निम्मा कोबी चाळणी झाला होता. मधल्या नाल्यापलीकडे शेजारी रफिकभाईंची संत्र्याची कोवळी कलमं होती. गोगलगायी पलीकडे जाण्याआधी थांबवायच्या, तर त्या नेमक्या कुठून पसरताहेत हे कळायला हवं होतं.

आम्ही कढीगोळे (कढीत शिजवलेले भरड डाळीचे गोळे) खात होतो, तोच वाशीमहून स्नेहा आली. हे अ‍ॅप सांभाळणाऱ्यांपैकी ती एक. मागोमाग रफिकभाई. स्नेहाने फोनवरचा नकाशा दाखवला. सुमनच्या फोटोंचे सगळे लाल ठिपके एकाच जागी, मारुतीच्या देवळावर! स्नेहा आधी तिथेच जाऊन आली होती. पाराचे दगडन् दगड धुंडाळले, गोगलगाय एकही नाही.

"वावरात नेटवर्कच येत नाही ना ताई," सुमन म्हणाली. "म्हून बादलीत भरून पारावर आणून राह्यली मी."

"सुमनबाई, देवाले काहून बदनाम करता?" रफिकभाई म्हणाले. "कोबी खाल्ला गोगलगायीनं, अन् पत्ता मारुतीचा."

सगळे हसलो. सुमनला मात्र हसू येईना. एवढे दिवस फुकट गेले, एव्हाना गोगलगायी भाईंच्या कलमांत शिरल्या असतील, असं ती पुटपुटली.

स्नेहाने शांतपणे समजावलं. जिथे दिसेल तिथेच फोटो काढायचा. नेटवर्क नसलं तरी फोन जागा टिपून ठेवतो. पाठवायला तेवढं पारावर यायचं.

"मंग मी कायले बादल्या वाहून राह्यली व माय," सुमन म्हणाली आणि उठलीच.

आम्ही वावरात गेलो. काळ्या मातीने माझी एक चप्पल गिळली, ती रफिकभाईंनी काठीने उपसून दिली. पानांखाली, बांधाच्या कडेला, गवतात, जिथे दिसेल तिथे वाकून सुमन फोटो काढत राहिली. मग पारावर धावली. नकाशावर ठिपके उमटू लागले. सगळ्यांत दाट कोपऱ्यातल्या जुन्या विटांच्या ढिगाभोवती, नाल्याकडे विरळ. पलीकडे एकही नाही. सुमनने रफिकभाईंनाही दोनदा विचारून खात्री केली.

संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं ढिगाभोवती आणि नाल्याकाठी अंथरली. स्नेहाही मुक्कामाला राहिली. सकाळी ती उचलली तर खाली गोगलगायींची जत्रा. हातमोजे घालून त्या गोळा केल्या, मिठाच्या पाण्यात बुडवल्या. अजून बरेच दिवस हे करावं लागेल, पण सुमनचा आवाज मोकळा झाला होता.

रफिकभाई आपल्या बाजूला कलमांमध्ये फिरत होते. ओरडून विचारलं, "ताई, इकडं काहीच नाही. काही नाही, हेबी कळवा लागते काय?"

"तेच तर हवं असतं भाई," स्नेहा म्हणाली. "लोक नुकसान झालं की कळवतात. कुठे काही नाही, हे कळल्याशिवाय त्या कुठवर पसरल्या याची सीमा कशी आखू?"

रफिकभाईंनी कोवळ्या कलमाचा छान फोटो काढला आणि पाठवायला पारावर गेले.

परतीच्या एसटीत मी रफिकभाईंच्या त्या फोटोचाच विचार करत होते. मुलांनो, तापबीप आला, परीक्षा अवघड गेली, की तुमचा फोन येतो. ज्या दिवशी सांगण्यासारखं काहीच नसेल, त्या दिवशीही एखादा फोटो पाठवत जा.