बरणीकाका आणि चष्म्याची दांडी

कारखान्यात त्यांना सगळे बरणीकाका म्हणत, आणि नाव ठेवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. यंत्रांच्या वंगणाचं नवं तेल आलं की हे फिटरकाका ते आधी घरी आणत, काचेच्या बरण्यांत ओतत आणि त्यात यंत्राच्या सांध्यांत गळती अडवणाऱ्या रबरी कड्या, रंगवलेल्या पत्र्याचे तुकडे भिजत घालत. "तेल म्हणजे घरजावई," ते म्हणत. "आत घेण्याआधी सगळ्यांशी पटतंय का, ते बघावं." घरातली साखर मात्र कधीच पिशवीत राहायला गेली होती, आणि त्यावरून काका रोज बोलणी खात.

या खेपेला मात्र काम जोखमीचं होतं. उमेदवारीपासून सांभाळलेला जुना कॉम्प्रेसर कृत्रिम तेलावर चालवायचा होता. मॅनेजरांनी बजावलं होतं, "काका, आता एकदा जरी गळला, तरी थेट भंगारात." त्या यंत्रावर काकांचा भारी जीव. बायको तर त्याला सरळ सवत म्हणायची.

बरण्यांनी काम चोख केलं. काळं रबर तेल पिऊन टम्म फुगलं, तपकिरी ढिम्म राहिलं. काकांनी एकूण एक कडी तपकिरी बसवली आणि उद्या तेल भरायचं म्हणून शीळ घालत घरी आले.

"अहो, चष्मा बघू," जेवताना बायको म्हणाली. "ही दांडी कशानं तडकली?"

"जुना झालाय, दुसरं काय!"

"मग दुसरी दांडी कशी धड आहे? तेलकट बोटांनी धरता तीच नेमकी चिरलीय. त्या सवतीला कुठं प्लास्टिक नाही ना?"

काकांनी घास ताटात ठेवला. तेलाची पातळी कळावी म्हणून यंत्राच्या पोटाला एक पारदर्शक खिडकी होती. प्लास्टिकची. रोज तिच्यातून आत बघायचे, म्हणून ती कधी दिसलीच नव्हती.

सकाळी तिथं काच बसली, मगच तेल भरलं. यंत्राखाली अंथरलेला कागद दिवसेंदिवस कोराच राहिला. शेवटी मॅनेजर म्हणाले, "राहू दे म्हातारीला, भंगारात नको." परवानगी काढून काका बायकोला कारखान्यात घेऊन आले.

तिनं वाकून खिडकीतलं सोनेरी तेल पाहिलं. "देखणी आहे हो सवत! आता तरी माझ्या बरण्या द्या."

"घे की. फक्त एक राहू दे."

"आता आणखी काय भिजतंय?"

"नव्या चष्म्याची दांडी," काका म्हणाले.